उघडे पत्र, बंद पाकीट

पत्र उघडे असावे की बंद, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आपले पूर्वज गावकीची कामे करीत. वेशीवर राखण करायची, गावात परका माणूस आला तर पाटलाला खबर द्यायची, मयतीचा सांगावा किंवा सरकारी टपाल घेऊन उन्हातान्हात कोसच्या कोस चालायचे, हे सारे त्यांच्याच वाट्याला होते. टपाल त्यांच्या हातात असे, पण ते त्यांना वाचता येत नसे, कारण अक्षरच त्यांना बंद होते. परमपूज्य बाबासाहेबांनी ते दार उघडले. आज घरोघरी मुले-मुली शिकली आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. परंतु आपण लिहिलेले कोणी वाचावे आणि कोणी वाचू नये, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती आला आहे काय? कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हा विषय कुटुंबाचाच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही वैजापूर तालुक्यातले. आमच्या आत्याचे सासर गोदावरीपलीकडे, कोपरगावच्या बाजूला. ही पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आत्याला लिहिता येत नव्हते, आजीला वाचता येत नव्हते. आत्याचे कार्ड तिचा पुतण्या लिही आणि इकडे शाळेचे मास्तर ते अंगणात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवीत. लिहिणारा सासरचा आणि वाचणारा गावचा, मग लेकीने आपले दुःख सांगावे कसे? आजी शिकलेली नव्हती, पण शहाणी होती. लेकीला सासरी पाठवताना तिने कानात सांगून ठेवले होते, ‘पत्रात भुऱ्या शेळीची चौकशी आली की तुला तिथे त्रास आहे असे मी समजेन.’ आमच्या घरी भुरी शेळी कधी नव्हतीच. तिसऱ्या वर्षी कार्ड आले. सर्व खुशाल, पाऊस बरा आहे, आणि शेवटी ‘भुरी शेळी कशी आहे?’ मास्तरांनी ते सरळ वाचले. आजोबा त्याच संध्याकाळी निघाले आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन आले.

शब्द सर्वांनी ऐकले, अर्थ मात्र दोघींनाच कळला. आज जगातील मोठमोठ्या कंपन्या ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात, त्याचे मूळ हेच आहे. निरोप वाटेत कोणाच्याही हाती पडो, त्याची किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे असावी. फरक इतकाच की आजीची किल्ली एका शेळीपुरती होती. आता तेच काम गणिताने होते आणि प्रत्येक निरोपाला नवे कुलूप लागते. या लेखात आम्ही त्याला कुलूपच म्हणू.

हे कुलूप इंटरनेटला जन्मापासून नव्हते. आपण मोबाईलवर एखादे पान उघडतो तेव्हा ती मागणी आधी टॉवरकडे, तिथून मोबाईल कंपनीच्या तारांतून, कधी समुद्राखालच्या केबलमधून परदेशातल्या संगणकापर्यंत जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. पूर्वी हा बहुतेक प्रवास पोस्टकार्डासारखा उघडा होता. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला ते वाचणे शक्य होते. जीमेलने सर्वांसाठी कुलूप आपोआप लावायला सुरुवात केली ती २०१० च्या जानेवारीत. याहू मेलला त्यासाठी २०१४ उजाडले.

मधल्या काळात, २०१३ च्या जूनमध्ये, एडवर्ड स्नोडेन नावाच्या तरुणाने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे पत्रकारांच्या हाती दिली. हा तरुण त्याच संस्थेचे काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. ती संस्था साऱ्या जगाचे बोलणे आणि लिहिणे कसे गोळा करते, हे त्यातून उघड झाले. मार्च २०१३ या एकाच महिन्यात भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा झाल्याचे त्या कागदांत होते. त्या यादीत आपल्या देशाचा नंबर पाचवा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. गुगल आणि याहू यांच्या स्वतःच्या संगणक-केंद्रांना जोडणाऱ्या तारांवरही ती संस्था कान लावून बसली होती. पुढच्या दाराने हुकूम देऊन माहिती मागायची आणि मागच्या भिंतीला भोक पाडून ती घ्यायची, असा तो प्रकार होता.

मग कंपन्यांना जाग आली. लोकांचा विश्वास गेला तर धंदा जाईल, हे त्यांना कळले. गुगलने २०१४ च्या मार्चमध्ये जाहीर केले की जीमेलचा प्रत्येक निरोप आता कंपनीच्या आतल्या तारांतूनही कुलूप लावूनच जाईल. विकिपीडियाने २०१५ मध्ये सर्व पानांना कुलूप लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस एका ना-नफा संस्थेने कोणत्याही संकेतस्थळाला असे कुलूप फुकट द्यायला सुरुवात केली. त्याआधी त्यासाठी पैसे मोजावे लागत, म्हणून लहान संस्था मागे राहत. आणि एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने सर्वांच्या निरोपांना दोन टोकांचे कुलूप लावले. म्हणजे निरोप नेणाऱ्या कंपनीलाही तो वाचता येऊ नये. आपले पूर्वज न वाचता टपाल नेत ती त्यांच्यावर लादलेली निरक्षरता होती. इथे कंपनीने आपल्या डोळ्यांवर स्वतः पट्टी बांधली, ही चांगली गोष्ट झाली.

पण कंपन्या म्हणजे आपल्या चळवळीच्या कार्यकर्त्या नव्हेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसले की वाटेतल्या माणसाला पान वाचता येत नाही, परंतु आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे त्याला बहुधा कळते. पाकीट बंद असले तरी वरचा पत्ता दिसतो, तसेच हे. जीमेलचे कुलूप वाटेवर आहे, पण गुगलच्या घरात किल्ली गुगलकडेच असते. व्हॉट्सॲपला आपला निरोप वाचता येत नसला, तरी कोणी कोणाला आणि केव्हा निरोप पाठवला याची माहिती कंपनीच्या हाती असते. ही माहितीही थोडी नव्हे. एखादी बाई रात्री अकराला वकिलाला फोन करते आणि सकाळी पोलीस ठाण्याला, एवढे कळले तरी तिच्या घरात काय चालले आहे याचा तर्क कोणीही करील.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली. विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेलेल्या आपल्या बांधवांवर त्या दिवशी हल्ले झाले, हे वाचकांना सांगायला नको. त्यानंतर पुण्यातील एल्गार परिषदेसंबंधी जो खटला उभा राहिला, त्यात वकील, प्राध्यापक, कवी, कार्यकर्ते अशा सोळा जणांना अटक झाली. त्या खटल्यातील पुराव्याचा मोठा भाग म्हणजे संगणकात सापडलेली पत्रे. २०२१ च्या फेब्रुवारीत आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात एका ई-मेलमधून घुसखोर प्रोग्रॅम आला, त्याने बावीस महिने तिथे ठाण मांडले आणि ती पत्रे बाहेरून आत ठेवली, असे त्या अहवालात म्हटले होते. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही त्याच संस्थेने असाच निष्कर्ष काढला. हे कोणी केले, ते अहवालात नाही. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. न्यायालय काय तो निर्णय करील.

त्याआधी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपने जगातील सुमारे १४०० जणांना कळवले होते की तुमच्या फोनवर पेगासस नावाच्या हेरगिरीच्या प्रोग्रॅमचा मारा झाला आहे. हा प्रोग्रॅम इस्रायलच्या एनएसओ या कंपनीचा. आपण तो फक्त सरकारांनाच विकतो, असे ती कंपनी स्वतः सांगते. लक्ष्य झालेल्यांत बाबासाहेबांचे नातजावई, लेखक आनंद तेलतुंबडे होते. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. पेगासस कुलूप फोडत नाही. तो सरळ घरात येऊन बसतो. निरोप लिहिताना आणि वाचताना फोनवर जे दिसते ते तोही पाहतो. अंगणात मास्तर नसले, पण पोतराजासारखा कोणी दारातून आत येऊन चुलीजवळच बसला, तर भुऱ्या शेळीचा काय उपयोग!

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये या प्रकरणी समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले. त्यांपैकी पाचांत घुसखोर प्रोग्रॅम आढळला, पण तो पेगाससच होता असे ठरवता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनी २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयात सांगितले. अमेरिकेत मात्र व्हॉट्सॲपने केलेल्या दाव्यात २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या न्यायालयाने एनएसओला दोषी धरले.

या बातम्या आमच्या वैजापुरात पोचल्या तेव्हा काय झाले? आमच्या पुतणीने पुण्यात शिकत असताना मैत्रिणींचा एक वाचनगट मोबाईलवर चालवला होता. पुस्तके, शिष्यवृत्तीच्या तारखा, कुठे अन्याय झाला तर त्याची माहिती, एवढेच त्यात असे. बातम्या वाचून तिच्या वडिलांनी सांगितले, ‘बाई, त्यातून बाहेर पड. उद्या नोकरी लागायची आहे.’ एकेक करीत गटातल्या निम्म्या मुली निघून गेल्या. उरलेल्या फक्त सकाळी ‘जयभीम’ घालत. कोणी धमकावले नाही, कोणी पकडले नाही, पाळत होती की नव्हती हेही ठाऊक नाही. तरी गट मुका झाला. आमच्या मते पाळतीचे खरे नुकसान हेच. ती एकावर ठेवली जाते आणि शंभर जण गप्प बसतात. आणि ज्या समाजाचे सारे बळ एकत्र येऊन बोलण्यात आहे, तो गप्प बसला तर त्याच्याकडे उरते काय?

आपल्यावर नजर ठेवणे ही काही आजची गोष्ट नव्हे. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांचा खंड प्रसिद्ध केला. त्यात वर्तमानपत्रांच्या मजकुराबरोबर इंग्रज अमलातील पोलिसांच्या गुप्त अहवालांतील नोंदीही आहेत. कोणत्या सभेत कोण काय बोलले, हे सभेत बसलेला सरकारी माणूस टिपून घेत होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मलेल्या पोरावरही शिक्का मारला. साऱ्या जमातीने पोलिसांत हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. तो कायदा १९५२ साली गेला. परंतु पारधी बांधवांना विचारा, ती नजर गेली का.

हे सर्व जाणूनच बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे पाहिले असावे. मार्च १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा मसुदा त्यांनी मांडला. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, आणि झडतीचे वॉरंट काढायचे तर सबळ कारण शपथेवर सांगून, कोणती जागा झडायची आणि काय जप्त करायचे हे नेमके लिहूनच काढावे, असा हक्क त्यात होता. तो मूलभूत हक्कांच्या यादीत टिकला नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती सुचवली. तेव्हा बाबासाहेब म्हणाले की हे सारे फौजदारी प्रक्रिया कायद्यात आहेच, पण उद्याचे विधिमंडळ ते काढून टाकू शकेल; इतकी महत्त्वाची गोष्ट विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे बरे, म्हणून ही दुरुस्ती स्वीकारायला आपण तयार आहोत. पुढे ती दुरुस्ती मंजूर झाली नाही. १९६२ साली खरकसिंग खटल्यात रात्री-अपरात्री घरी येणारे पोलीस सर्वोच्च न्यायालयाने बंद केले, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असेच सांगितले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क मान्य केला. त्या निकालपत्रात संविधान सभेतली ही सारी चर्चा आली आहे. बाबासाहेब ज्याला तयार होते, तिथे पोचायला देशाला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

कुलपाचा आणि या वॉरंटाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. सगळ्यांची पत्रे उघडी असली तर सरकारला कोणाचेही नाव घेण्याची गरज नाही. सगळे गोळा करावे, मग सावकाश शोधावे. प्रत्येकाच्या दाराला कुलूप असले म्हणजे सरकारला एका दारापुढे उभे राहावे लागते. मग हेच दार का, आत काय शोधायचे आहे, याचे कारण सांगण्याची पाळी येते. बाबासाहेबांच्या मसुद्यात हेच मागितले होते. आजही फोन ऐकण्याचा हुकूम न्यायाधीश देत नाही, गृह खात्याचा सचिव देतो. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर काही बंधने घातली, पुनर्विचार समिती नेमायला सांगितले. तरी हुकूम देणारे आणि तपासणारे दोघेही सरकारचेच अधिकारी. ही परवानगी न्यायाधीशाकडूनच घेतली पाहिजे, ही मागणी आपण का करू नये?

दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. भटक्या समाजाचे ते पाच गरीब जीव. महापुरुषांची विटंबना करणारा मजकूर फिरतो तेव्हाही आमचे रक्त तापते आणि वाटते, काढा शोधून पहिला पाठवणारा. सरकारनेही २०२१ च्या नियमांत हेच मागितले आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पण शांतपणे विचार करू या. राईनपाड्याचे मारेकरी भरदिवसा मारत होते, चित्रफिती निघाल्या होत्या. ते सापडण्यासाठी कोट्यवधी लोकांची पत्रे उघडण्याची गरज नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कोणाचे पत्र न वाचता अफवेची वाट अरुंद करता येते, हे त्यातून दिसले. आणि पहिला पाठवणारा शोधण्याचे यंत्र एकदा बसले, की ते फक्त अफवा पसरवणाऱ्याला शोधील, आणि ॲट्रॉसिटीची पहिली तक्रार लिहिणाऱ्या पोराला शोधणार नाही, याची हमी कोण देणार?

आता घरातले बोलू. दिल्ली आणि इस्रायल दूर आहेत. आपली पत्रे आपण गावातच उघडी टाकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुले सेवा केंद्रात जातात. एका केंद्रात आम्ही पाहिले, चालकाने वही ठेवली होती. त्यात मुलामुलींची नावे, आधार क्रमांक, मोबाईल नंबर आणि पासवर्ड. वही टेबलावर, सर्वांसमोर! पासवर्डही बहुतेकांचा एकच. आम्ही तिथेच मुलांना सांगितले आणि घरी येऊन ते बदलायला लावले.

म्हणून माताभगिनींना आणि तरुणांना आमचे सांगणे आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज केंद्रात भरला तरी पासवर्ड स्वतः टाकावा आणि घरी येऊन बदलावा. ओटीपी कोणालाही, गोड बोलणाऱ्यालाही, सांगू नये. अनोळखी लिंक उघडू नये. रोना विल्सन यांच्या संगणकात घुसखोर ई-मेलमधूनच आला, असे तो अहवाल सांगतो. फोन सुधारित प्रणाली मागतो तेव्हा ती टाळू नये, कारण पडलेली भोके त्यानेच बुजतात. व्हॉट्सॲपवर दुहेरी पडताळणी सुरू करावी. निरोपांची जी प्रत गुगलकडे साठवली जाते तिला वेगळे कुलूप लावावे लागते, तेही लावावे. आणि दुसऱ्याच्या लेकीचा, सुनेचा फोन उघडून वाचू नये. बाहेरच्या पाळतीविरुद्ध बोलायचे आणि घरात पाळत ठेवायची, हे शीलाला धरून नाही.

पुतणीचा वाचनगट पुन्हा सुरू झाला आहे. तिच्या वडिलांशी आम्ही दोन रविवार बोललो. आपण लपवण्यासारखे काही करत नाही, मग कुलूप कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. आम्ही म्हटले, दादा, आपल्या आत्यानेही काही गुन्हा केला नव्हता. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘लिहू दे तिला. पण कुलूप नीट लावायला सांगा.’ वाचकांनीही आपल्या मुलींना एवढेच सांगावे.